परदेशी सिनेमाला सरकार खर्च परत का देतं, आणि त्यातला पैसा सोलापुरात किती थांबेल?

सोलापूरच्या एका गाडीमालकांनी विचारलंय: "परदेशी सिनेमावाल्यांनी भारतात शूटिंग केलं तर सरकार ४० टक्के खर्च परत देतं, असं वाचलं. ही खिरापत कशासाठी? तेच पैसे इथल्या शेतकऱ्याला, विणकराला का नाही? आणि यामुळे बाहेरची शूटिंगं खरंच सोलापुरात येणार असतील, तर मी कर्ज काढून दोन व्हॅनिटी व्हॅन घ्याव्यात का? सध्या चार टेम्पो ट्रॅव्हलर आणि दोन इनोव्हा आहेत, लग्नसराईवर चालतात."

मी प्रॉडक्शन अकाउंटंट आहे. मूळचा सोलापूरचाच, काम मुंबई-हैदराबादकडे. परदेशी युनिट भारतात आलं की त्याचा इथला खर्च एखादी भारतीय कंपनी सांभाळते. अशा कंपन्यांचे हिशेब ठेवणं आणि शेवटी अनुदानाच्या दाव्याची फाइल लावणं हे माझं काम. त्यामुळे या विषयाकडे मी कायम बिलांच्या बाजूने बघतो, आणि उत्तरही त्याच बाजूने देतोय.

व्हॅनचं आधी सांगून टाकतो: आत्ता घेऊ नका. का नको, ते कळायला सरकार हे पैसे का देतं आणि निर्माता त्याकडे कसा बघतो, हे समजून घ्यावं लागेल. तुमचा खरा प्रश्न मला असा दिसतो: दिल्लीत जाहीर झालेला टक्का सोलापूरच्या गाडीवाल्यापर्यंत पोचतो का, आणि पोचत असेल तर कोणत्या वाटेने?

योजना थोडक्यात अशी. २०२२ च्या मे महिन्यात फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात भारताने ती जाहीर केली. तेव्हा भारतात केलेल्या पात्र खर्चाच्या (योजनेत धरला जातो त्या खर्चाच्या) ३० टक्के परत मिळायचे, पण कमाल २ कोटी. मनुष्यबळात १५ टक्के किंवा जास्त भारतीय घेतले तर आणखी ५ टक्के, त्यालाही ५० लाखांची मर्यादा. आता आकडेमोड करा. ३० टक्क्यांनी २ कोटी व्हायला पावणेसात कोटींच्या आत खर्च पुरतो. त्यापुढचा प्रत्येक रुपया निर्मात्याच्या पदरचा. ज्याचं भारतातलं एक शेड्यूलच चाळीस-पन्नास कोटींचं आहे, तो दोन कोटींसाठी आपला नकाशा बदलत नाही. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये गोव्याच्या इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दर ४० टक्के झाला आणि मर्यादा ३० कोटींवर गेली, भारतीय आशय लक्षणीय असेल तर ५ टक्के वेगळे. ४० टक्क्यांनी ३० कोटी गाठायला ७५ कोटी खर्चावे लागतात. वर्तमानपत्रांनी ४० टक्क्यांचा मथळा केला, पण आमच्या धंद्यात चर्चा झाली ती मर्यादेची. मोठं बजेट असलेल्याला भारताचं नाव यादीत घ्यायला त्या मर्यादेनेच जागा केली.

आणि हे पैसे आधी मिळत नाहीत, हे नीट लक्षात घ्या. एनएफडीसी या केंद्र सरकारच्या चित्रपट महामंडळात २०१५ पासून फिल्म फॅसिलिटेशन ऑफिस आहे, त्याचं पोर्टल आता इंडिया सिने हब या नावाने चालतं. तिथे अर्ज करून आधी मान्यता घ्यायची, मग स्वतःच्या पैशाने खर्च करायचा, मग सीएकडून तपासलेला हिशेब जोडून दावा लावायचा. मराठी चित्रपटाला राज्य सरकारचं अनुदान मिळतं ते तयार सिनेमा समितीने पाहून दर्जा दिल्यावर: अ दर्जाला ४० लाख, ब दर्जाला ३० लाख. परदेशी निर्मितीच्या योजनेत सिनेमा चांगला की वाईट यावर रक्कम ठरत नाही. ती ठरते भारतात किती रुपये, कोणाला, कोणत्या कामासाठी दिले आणि ते कागदावर सिद्ध होतात का, यावर.

आता खिरापतीचा मुद्दा. तो तुम्ही रागाने मांडला असला तरी बिनबुडाचा नाही, आणि मी तो उडवून लावणार नाही.

सरकारचं म्हणणं असं असतं: हे युनिट आलंच नसतं तर त्याचा खर्चही आला नसता आणि परतावाही द्यावा लागला नसता. शंभर रुपये आले, त्यातले चाळीस परत दिले, साठ देशात राहिले. शिवाय त्या शंभरातून हॉटेल चाललं, सुताराला काम मिळालं, ड्रायव्हरला भत्ता मिळाला, त्यांनी पुढे खर्च केला. हे खरं आहे, पण एका अटीवर. ते युनिट अनुदानामुळेच आलेलं असलं पाहिजे. ताजमहालाचं दृश्य हवंच असलेला निर्माता आग्र्याला येणारच असतो. त्याला दिलेले चाळीस रुपये म्हणजे जो माणूस येणारच होता त्याचं गाडीभाडं भरणं. एका अर्जाकडे बघून हा कोणत्या प्रकारातला, ते कोणालाच ओळखता येत नाही. म्हणून जगभर या योजनांवर अर्थतज्ज्ञांचे वाद आहेत, आणि तिजोरीतून गेलेले चाळीस रुपये कराच्या रूपाने चाळीस होऊन परत येतात असं कोणी सांगितलं तर त्यावर विश्वास ठेवू नका.

मग देश हे करतात का? कारण सिनेमाचा पैसा फिरता आहे. साखर कारखाना उचलून दुसऱ्या देशात नेता येत नाही. सिनेमाचं युनिट नेता येतं. पडद्यावर दिसणारा देश आणि खर्च झालेला देश एकच असायला हवा असं काही नाही. २०१२ चा ‘लाइफ ऑफ पाय’ आठवा. गोष्ट पाँडिचेरीच्या मुलाची, आणि पाँडिचेरीचा भाग तिथेच चित्रितही झाला. पण सिनेमाचा मोठा आणि महागडा भाग म्हणजे समुद्र. तो तायवानमध्ये तायचुंगच्या वापरात नसलेल्या विमानतळावर टाकी बांधून केला, तिथल्या सरकारी पाठबळावर. बुडापेस्ट कितीतरी सिनेमांत दुसऱ्याच शहरांच्या नावाने उभं राहतं, कारण हंगेरी ३० टक्के परत देतं आणि तिथे स्टुडिओ नि कामगार तयार आहेत. वाळवंट हवं असेल तर मोरोक्को, जॉर्डन, अबू धाबी हे तिघंही दार उघडून बसलेत. माल्टासारखा छोटा देश ४० टक्क्यांपर्यंत देतो. ब्रिटनने २००७ पासून चालत आलेली करसवलत २०२४ मध्ये नव्या रूपात आणली. ऑस्ट्रेलियाने आपला १६.५ टक्क्यांचा दर ३० वर नेला. एवढे सगळे देत असताना न देणारा देश स्पर्धेतच उरत नाही, आणि भारत २०२२ पर्यंत जवळपास याच अवस्थेत होता.

इथपर्यंतचं सगळं बऱ्याच लेखांत सापडतं. निर्मात्याच्या बाजूला बसल्यावर जे दिसतं ते यापुढे सुरू होतं, आणि माझं ठाम मत तिथेच बनलं आहे: टक्का किती हे निर्माता दुसऱ्यांदा विचारतो. पहिला प्रश्न असतो, पैसे कधी मिळतील आणि नियम मध्येच बदलणार नाहीत ना?

आपल्याकडचा कांद्याचा शेतकरी हे एका क्षणात समजेल. एक आडत्या भाव जास्त सांगतो पण पट्टीचे पैसे दोन महिन्यांनी देतो. दुसरा थोडा कमी भाव देतो पण संध्याकाळी पैसे हातात. गाडी कोणाच्या गाळ्यावर लागते, ते मी तुम्हाला सांगायला नको.

आकड्यात बघू. समजा एका निर्मितीचा पात्र खर्च २० कोटी. एक देश ४० टक्के देतो, म्हणजे ८ कोटी, पण तीन वर्षांनी. दुसरा ३० टक्के देतो, म्हणजे ६ कोटी, पण तीन महिन्यांत. निर्मात्याने तोवर हे पैसे वर्षाला १२ टक्क्यांच्या कर्जाने उभे केले असं धरा, साधं व्याज. पहिल्या देशात व्याज जातं २ कोटी ८८ लाख, हातात उरतात ५ कोटी १२ लाख. दुसऱ्या देशात व्याज १८ लाख, हातात ५ कोटी ८२ लाख. कमी टक्क्याचा देश जिंकला. आणि यात मी गृहीत धरलंय की तीन वर्षांनी का होईना पैसे नक्की येतात. ते नक्की नसेल तर कर्ज देणारा त्या कागदावर एक रुपयाही देत नाही. सिनेमाचं बजेट अशा कर्जावरच पुरं होतं: सरकारचं मान्यतापत्र वित्तसंस्थेकडे ठेवायचं, तिने रकमेचा काही भाग आगाऊ द्यायचा, त्यात शूटिंग करायचं. म्हणजे अनुदानाच्या मान्यतापत्राला बाजारात किंमत आली पाहिजे. ती किंमत सरकारच्या आजवरच्या वागणुकीवरून ठरते.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण अमेरिकेतलं आहे, कारण तिथे दोन राज्यांनी एकाच वर्षी, २००८ मध्ये, मोठी पावलं टाकली. मिशिगनने ४२ टक्क्यांपर्यंत सवलत जाहीर केली, त्या देशातली सर्वांत भरघोस. जॉर्जियाने २० टक्के दिले, आणि सिनेमात राज्याचं बोधचिन्ह दाखवलं तर आणखी १०. मिशिगनमध्ये सरकार बदललं, २०११ मध्ये योजनेवर वार्षिक मर्यादा आली आणि २०१५ मध्ये ती बंद झाली. जॉर्जियाने दर हलवला नाही, वर्षाची मर्यादा घातली नाही. त्या भरवशावर अटलांटाजवळ २०१४ मध्ये मोठा स्टुडिओ उभा राहिला, त्याच्या भोवती सेट बांधणारे, लाइटवाले, जेवणवाले वसले. तिथल्या करदात्यांवर याचा बोजा किती, यावर त्या राज्यात आजही वाद होतात आणि व्हायलाही हवेत. पण निर्मात्यांना ओढण्याचं काम कोणत्या योजनेने केलं, याबद्दल वाद नाही. कमी टक्क्याच्या योजनेने केलं.

दक्षिण आफ्रिकेचं उलट झालं. केप टाउन हे जगातल्या उत्तम शूटिंग-शहरांपैकी एक. कॅमेरामन, स्टंटवाले, स्टुडिओ सगळं आहे. योजनाही आहे, परदेशी निर्मितीला २५ टक्क्यांची. पण दाव्यांचे पैसे थकत गेले, आणि २०२५ च्या जानेवारीत तिथले सिनेमा कामगार रस्त्यावर उतरले. थकलेल्या दाव्याचा फटका शेवटी तिथल्याच छोट्या पुरवठादाराला बसतो. भारताच्या योजनेकडे मी त्यामुळे एकाच निकषाने बघतो: वर्षागणिक दावे वेळेत निकाली निघतात का. दर आणखी वाढवायची मागणी कोणी करत असेल तर मी तिच्या बाजूने नाही. दर पुरेसा आहे.

न्यूझीलंडचं एक सांगून पुढे जातो, कारण त्यात तुमच्यासाठी काही आहे. अॅमेझॉनने ‘द रिंग्ज ऑफ पॉवर’ ही मालिका तिथे आणली. पहिल्या सीझनवरचा खर्च साधारण ६५ कोटी न्यूझीलंड डॉलर, आणि २० टक्क्यांच्या नेहमीच्या परताव्यावर सरकार खास ५ टक्के जादा द्यायला तयार झालं होतं. तरी २०२१ च्या ऑगस्टमध्ये कंपनीने जाहीर केलं की पुढचं शूटिंग ब्रिटनमध्ये. सरकारने जादाचे ५ टक्के मागे घेतले, पण युनिट गेलं ते गेलंच. मागे राहिले ते तिथले कुशल लोक: वेशभूषावाले, शस्त्रं-चिलखतं बनवणारे, व्हीएफएक्सवाले. त्यांना पुढची कामं मिळत राहिली. आलेला निर्माता निघून जाणार हे धरूनच चालावं. तो असताना आपण काय शिकलो आणि कोणती सामग्री आपल्याकडे उभी राहिली, एवढंच आपलं.

आता सोलापूर.

इथे परदेशी युनिट येईल का, हे कथेवर अवलंबून आहे, आणि ते तुमच्या-माझ्या हातात नाही. पण कथेला चालणाऱ्या दहा जागांतून निर्माता एक कशी निवडतो, ते मी पाहिलंय. रेकीला येणारा माणूस जागा बघतो तेवढ्याच काळजीने तिच्यापासून दोन तासांच्या आत काय आहे ते बघतो. शंभर-दीडशे माणसांना पुरतील अशा स्वच्छ खोल्या, चोवीस तास चालणारं चांगलं हॉस्पिटल, सामान घेऊन येणाऱ्या मोठ्या गाड्यांना रस्ता, आणि पोचायला लागणारा वेळ. प्रवासात गेलेल्या दिवसाचाही पगार द्यावा लागतो, म्हणून ही यादी. सोलापूरची बाजू पूर्वीपेक्षा बरी आहे. मुंबईची वंदे भारत २०२३ पासून आहे, गोव्याचं विमान २०२५ मध्ये सुरू झालं, पुण्याकडे आणि हैदराबादकडे चांगला महामार्ग आहे. हैदराबाद तीनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे रामोजी फिल्म सिटीतून कॅमेरा-लाइटचा ट्रक रात्री निघाला तर सकाळी इथे. शिवाय आपल्या शहरात मराठी, तेलुगू, कन्नड, हिंदी बोलणारी माणसं एकाच गल्लीत सापडतात. हैदराबादचे तंत्रज्ञ आणि मुंबईचा लाइन प्रोड्यूसर (शूटिंगची रोजची व्यवस्था आणि खर्च सांभाळणारा) अशा मिश्र युनिटमध्ये याचा केवढा उपयोग होतो, ते सेटवर उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

जागाही आहेत. भर शहरात भुईकोट किल्ला, तळ्यातलं सिद्धेश्वर मंदिर, बंद गिरण्यांच्या भिंती आणि शेड, उजनीचं बॅकवॉटर, हिवाळ्यात मंगळवेढ्याकडची दूरवर पसरलेली ज्वारी. पाऊण-एक तासावर नळदुर्ग. ‘सैराट’ करमाळा तालुक्यात चित्रित झाला आणि २०१६ मध्ये साऱ्या महाराष्ट्राने तो मुलूख पाहिला. त्याआधी तो फारसा कोणाच्या लोकेशनच्या यादीत नव्हता. पण प्रत्येक जागेचा मालक वेगळा आहे. भुईकोट किल्ला केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे, नळदुर्ग राज्याकडे आणि तोही शेजारच्या जिल्ह्यात, रस्ता महापालिकेचा, बंदोबस्त पोलिसांचा, बॅकवॉटर पाटबंधाऱ्याचं. दिल्लीची परवानगी मिळाली म्हणजे या सगळ्या मिळाल्या असं होत नाही. ज्या जिल्ह्यात एक माणूस ही सगळी टेबलं ओळखतो आणि किती दिवस लागतील ते खरं सांगतो, तिथे लाइन प्रोड्यूसर परत येतो. एक कळकळीचं सांगणं: नान्नजचं माळढोक अभयारण्य कोणी लोकेशन म्हणून विकायला निघालं तर त्याला साथ देऊ नका. तो माळ पक्ष्यांचा आहे. जनरेटर आणि ड्रोन तिथे नकोत.

यापुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि तो कागदाचा आहे.

शूटिंगच्या ऑफिसात रात्री माझ्यासमोर पुरवठादारांची बिलं येतात. एकदा वहीचं फाडलेलं पान आलं. त्यावर निळ्या शाईत लिहिलेलं: "दु. जेवण ८५ ताट, रात्री ६० ताट, पाणी जार ४०, एकूण मिळाले", खाली सही. तारीख नाही, पत्ता नाही, पॅन नाही, कोणत्या सिनेमाचं ते नाही. जेवण उत्तम होतं. भाकरी तव्यावरून थेट ताटात येत होती, शेंगाचटणी परदेशी तंत्रज्ञ मागून मागून खात होते. पण माझ्या दृष्टीने ते पान म्हणजे शून्य. त्या दिवसाचा खर्च निर्मात्याने केला, पण परताव्याच्या हिशेबात तो धरता येत नाही. म्हणजे पक्क्या बिलाचं शंभर रुपयांचं जेवण निर्मात्याला परताव्यानंतर साठला पडतं, आणि हे पूर्ण शंभरला. दुसऱ्या आठवड्यापासून लाइन प्रोड्यूसरने पुण्याचा केटरर बोलावला, जो महाग होता आणि ज्याची भाकरी गार असायची. पण त्याचं बिल जीएसटी क्रमांकासकट, निर्मितीच्या नावाने, बँकेतून पैसे घेऊन येत होतं. सोलापूरचा पैसा पुण्याला गेला तो असा.

हे तुमच्या गाड्यांनाही तंतोतंत लागू आहे. अनुदानाची योजना आली की कच्च्या बिलावर चालणारा स्थानिक माणूस आपोआप महाग ठरतो, भाव कमी असला तरी. त्यात रोखीचा वेगळा प्रश्न. एका माणसाला एका दिवसात १० हजारांवर रोख दिलेला खर्च सर्वसाधारणपणे आयकरातही वजा मिळत नाही, तर अनुदानाचा तपासणारा तो कशाला घेईल? शेतकऱ्याच्या रानात शूटिंग असेल आणि त्याच्याकडे जीएसटी नसेल तरी अडत नाही. साधा करारनामा, सातबारा, पॅन आणि खात्यात जमा झालेली रक्कम एवढं असलं की माझी फाइल पुरी होते. कागद मोठा असायची गरज नाही, तो सलग असला पाहिजे: कोणी बोलावलं, काय काम केलं, कोणत्या तारखेला, किती ठरलं, पैसे कोणत्या खात्यातून कोणत्या खात्यात गेले.

इथे जरा थांबून आतापर्यंतचं एकत्र बांधतो. टक्का आणि मर्यादा यांनी देश यादीत येतो. वेळेवर मिळणारे पैसे आणि न बदलणारे नियम यांनी निवडला जातो. खोल्या, रस्ते आणि परवानगीचा वेग यांनी जिल्हा ठरतो. आणि जिल्ह्यात आलेला खर्च तिथेच थांबेल की बाहेरच्या पुरवठादाराकडे जाईल, हे पक्क्या बिलावर ठरतं. या चारांपैकी शेवटची गोष्ट पूर्णपणे तुमच्या हातात आहे.

विणकराचं तुम्ही विचारलंत, त्याचं उत्तर इथे येतं. परतावा मोजताना खर्च भारतात झाला का हे बघतात, शूटिंगच्याच गावात झाला का हे नाही. राजस्थानात एखादा लष्करी प्रसंग चित्रित होतोय आणि तीनशे ज्युनिअर आर्टिस्टना एकसारखे गणवेश हवेत, तर ते सोलापुरात शिवले तरी निर्मात्याच्या दाव्यात बसू शकतात. गणवेश शिवणं हा आपल्या शहराचा मोठा धंदा आहे. मापाच्या श्रेणी, कापडाची एकसारखी छटा, तारखेला माल देणं, हे इथल्या कारखान्यांना शाळांच्या ऑर्डरींमुळे अंगवळणी पडलंय. वेशभूषा विभागाला नेमकं हेच लागतं. टॉवेल, चादरी, पडदे, जुन्या काळातल्या घोंगड्या, सेटवर लागणारं सुती कापड, हे सगळं मुंबईचे दुकानदार सोलापूरहूनच आणतात आणि आपला नफा चढवून आर्ट डिपार्टमेंटला विकतात. मधला दुकानदार वगळून थेट विकणारा सोलापुरात कोणी उभा राहिला, तर शूटिंग इथे न येताही पैसा इथे येईल. मला यात व्हॅनिटी व्हॅनपेक्षा कितीतरी जास्त जीव दिसतो. तुमच्या ओळखीत गणवेशवाले असतील तर त्यांच्याशी बोला. नमुने, दरपत्रक आणि "इतके नग इतक्या दिवसांत" हे एका पानावर लिहून मुंबई-हैदराबादच्या वेशभूषा विभागांकडे पाठवायला काहीच खर्च नाही.

व्हॅनवर येतो. व्हॅनिटी व्हॅन रोज चालली तरच तिचं कर्ज फिटतं. मुंबई-हैदराबादच्या व्हॅनना जाहिराती, मालिका, वेब सिरीज यांमुळे जवळपास रोज काम असतं, आणि मोठं युनिट त्या तिकडूनच घेऊन येतं, कारण कलाकारांना त्याच व्हॅन ठाऊक असतात. सोलापुरात वर्षातून काही आठवडे शूटिंग असेल, उरलेले महिने ती अंगणात उभी. लग्नाला ती चालत नाही. तुमच्या ट्रॅव्हलर मात्र चालतात, आणि युनिटला सर्वांत आधी त्याच लागतात. माणसं नेणं-आणणं हा प्रत्येक शूटिंगचा रोजचा खर्च, मग ते परदेशी असो, तेलुगू असो वा मराठी. ४० टक्क्यांची योजना तेलुगू-मराठी सिनेमाला नाही, पण काम तेच, पुरवठादार तोच, आणि सवय तिथेच लागते.

म्हणून कर्जाऐवजी मी हे करेन. सगळ्या गाड्या पिवळ्या पाटीवर, परमिट, फिटनेस, विमा चालू. खासगी पाटीची गाडी युनिटला दिली आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते, आणि परदेशी निर्मितीत हे पहिल्याच दिवशी तपासतात. ड्रायव्हरची लायसन्सं आणि पोलिस पडताळणी एका फाइलमध्ये. धंद्याच्या नावाने चालू खातं आणि जीएसटी क्रमांक. सेवेची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर कायद्याने नोंदणी सक्तीची नाही, पण या कामासाठी ती असणं फायद्याचं. दर किलोमीटरवर न लावता बारा तासांच्या शिफ्टवर लावा, जादा तासाचा, रात्रीचा, ड्रायव्हरच्या जेवणाचा भाव आधीच लिहा. सेटवर गाडी पहाटे चारला लागते आणि दिवसभर एका जागी उभी राहते, तिथे किलोमीटरच्या भावाने तुम्ही मराल. लॉगबुकवर रोज संध्याकाळी युनिटच्या ट्रान्सपोर्ट कॅप्टनची सही घ्या. आठवड्याचं बिल आठवड्यालाच द्या. एवढं जमलं की मुंबई, पुणे, हैदराबादच्या लाइन प्रोड्यूसरांना गाड्यांची यादी पाठवा, सोबत आसपासच्या जागांचे चार चांगले फोटो आणि त्या जागेची परवानगी कोणाकडे आहे ते. असा पुरवठादार जिल्ह्याच्या ठिकाणी क्वचित मिळतो, आणि मिळाला की त्याचा नंबर कोणी सोडत नाही.

शेवटचं पैशाबद्दल. परदेशी कंपनीचं नाव कितीही मोठं असलं तरी तुमचा करार बहुतेक वेळा भारतातल्या कंपनीशी होतो, आणि कधी कधी ती कंपनी त्या एका सिनेमापुरतीच काढलेली असते. युनिट गेलं की तिथे फोन उचलायलाही कोणी नसतं. त्यामुळे करारावर सही कोणाची, कंपनीचा जीएसटी क्रमांक चालू आहे का, हे आधी बघा. निम्मी रक्कम गाडी निघायच्या आधी, उरलेली दर आठवड्याला, आणि शेवटच्या आठवड्याची युनिट निघायच्या आदल्या दिवशी. "सरकारचं अनुदान आलं की तुमचे देतो" असं कोणी म्हणालं तर गाडी लावू नका. तुमचं बिल चुकतं केल्याचा पुरावा लावल्याशिवाय तो खर्च दाव्यात धरलाच जात नाही. म्हणजे आधी तुमच्या खात्यात पैसे, मग त्याचा दावा. हा क्रम तुम्हाला माहीत आहे, एवढं त्याला कळलं की तो घासाघीस भावावर करेल, पण पैशाच्या तारखेवर करणार नाही.